सहज जमणारं काम शोधा : अंगचे गुण ओळखून ते नोकरीत कसे आणावेत

नऊ वर्षं मी एका कंपनीच्या लेखा विभागात होते. काम येत होतं, वेळेवर होत होतं, आणि दरवर्षी मूल्यमापनात 'समाधानकारक' असा शेरा मिळत होता. तो शेरा खराही होता. त्याच नऊ वर्षांत विभागात नवीन आलेलं जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्या महिन्यात माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसायचं. 'ताई, हे जरा दाखवता का?' मी दाखवायचे, आणि आजही आपलं काम मागे पडलं म्हणून संध्याकाळी स्वतःवर चिडायचे. ते दाखवणं हेच माझं खरं बळ आहे हे कळायला नऊ वर्षं गेली आणि त्यानंतर चार महिने नेटाने नोंदी कराव्या लागल्या. आज मी प्रशिक्षणाचं काम करते.

हे इतकं उशिरा कळण्याचं कारण साधं आहे. जे आपल्याला सहज जमतं त्याला आपण काम समजतच नाही. 'त्यात काय, कोणालाही येईल' असं वाटतं. दुसऱ्याला ज्यासाठी घाम गाळावा लागतो तो आपल्या डाव्या हाताचा मळ असतो, आणि कष्ट पडले नाहीत म्हणून त्याची किंमत आपण धरत नाही. मग काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हणूनच 'शांत बसा आणि स्वतःला विचारा, मी कशात चांगला आहे' या सल्ल्याचा मला काही उपयोग झाला नाही. विचारून मिळणारं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असलेलं असतं. खालची पद्धत नोंदींवर चालते.

काय काय लागेल

- खिशात किंवा पर्समध्ये मावणारी छोटी वही
- गेल्या तीन ते पाच वर्षांचे मूल्यमापन अहवाल (शिकत असाल तर प्रकल्पांवरचे शेरे)
- तुमच्या ईमेलमधली पाठवलेल्या पत्रांची पेटी
- तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेल्या बारा जणांची यादी
- नेमणुकीच्या वेळी मिळालेली जबाबदाऱ्यांची यादी
- जुना बायोडाटा, आहे तसा
- पहिले तीन आठवडे रोज दहा मिनिटं, पुढे साधारण चार महिने आठवड्याला अर्धा तास

१. आवड, कौशल्य आणि उपजत गुण यांची गल्लत टाळा

आवड म्हणजे जे करावंसं वाटतं ते. कौशल्य म्हणजे शिकून आलेलं. उपजत गुण म्हणजे आपल्या विचाराची किंवा वागण्याची अशी धाटणी, जी कोणी शिकवली नाही तरी पुन्हा पुन्हा दिसते. गर्दीत कोण अस्वस्थ आहे हे लगेच हेरणं, आकड्यांच्या रांगेत खटकणारा आकडा दिसणं, पसरलेल्या कामाचा क्रम डोक्यात आपोआप लागणं, हे गुण. हिशेबाची प्रणाली वापरता येणं हे कौशल्य. मला ते कौशल्य होतं, म्हणून मी त्यालाच गुण समजत राहिले.

आवड आणि गुण एकाच घरात राहतात असं धरून चालू नका. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने १९५९मध्ये मांडलेली सहा प्रकारांची विभागणी करिअर समुपदेशनात आजही वापरली जाते. प्रत्यक्ष हातांनी करणारे, शोध घेणारे, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि पद्धतशीर असे ते प्रकार. त्यावर आधारलेल्या प्रश्नावल्या मुख्यतः तुमचा कल मोजतात. एखाद्या कामात तुम्हाला गती आहे की नाही, हे त्यांतून कळत नाही. कल 'कलात्मक' निघाला म्हणून हातात असलेलं काम सोडून चित्रकलेचा वर्ग लावलेली माणसं मी पाहिली आहेत.

२. तीन आठवडे कामाची वही ठेवा

सगळ्या पद्धतीचा पाया हाच आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

१९७०च्या दशकात मिहाय चिक्सेंटमिहायी हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी शिकागो विद्यापीठात माणसांच्या रोजच्या अनुभवांचा अभ्यास करत होते. त्यांनी लोकांकडे पेजर दिले. दिवसातून कधीही तो वाजायचा, आणि त्या क्षणी आपण काय करतोय आणि कसं वाटतंय ते लिहायचं. दिवसाच्या शेवटी आठवून लिहिलेलं आणि त्या क्षणी लिहिलेलं यांत फरक पडतो, हे त्यामागचं कारण. आपल्याला तेवढं काटेकोर व्हायची गरज नाही. मोबाइलवर कामाच्या वेळात तीन गजर लावा, दर आठवड्याला वेळा बदला. गजर झाला की चार गोष्टी लिहा: काय करत होतात, कोणासोबत, किती वेळ, आणि आता ताजं वाटतंय की दमल्यासारखं.

माझ्या वहीतल्या एकाच दिवसाच्या दोन नोंदी:

'११.२०. नव्या सहकाऱ्याची बिलं जुळत नव्हती. तीन वाक्यं ऐकल्यावर कळलं की तो परतावा दोनदा धरतोय. वीस मिनिटं. नंतर ताजं.'

'३.००. महिनाअखेरचा ताळमेळ. दीड तास. चूक नाही. नंतर डोकं जड.'

दुसरं काम माझ्या नेमणूकपत्रात होतं. पहिलं कुठेच नव्हतं.

गजराच्या नोंदींखेरीज पुढच्या खुणा दिसल्या की त्या लगेच टिपा. कोणी सांगितलं नसताना आपण ज्या कामाकडे आपसूक वळतो ते काम. इतरांना शिकायला आठवडा लागला आणि आपल्याला एका दिवसात आलं ते काम. ज्यात घड्याळाकडे लक्ष गेलं नाही ते काम. आणि एक खूण मला सर्वांत उपयोगी वाटते ती म्हणजे चिडचिड. 'यांना हे दिसत कसं नाही?' असं ज्या बाबतीत तुम्हाला सतत वाटतं, तिथे बहुतेक वेळा तुमचा गुण असतो. इतरांना ते खरंच दिसत नाही. तुम्हाला दिसतं म्हणून तुम्ही वैतागता. मी दर बैठकीत वैतागायचे, कारण बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला काय माहीत नाही याचा विचारच करत नाही असं मला वाटायचं. हा वैताग मी तीन आठवड्यांत आठ वेळा लिहिला होता.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे फक्त 'मोठी' कामं लिहिणं. प्रकल्प पूर्ण झाला, शाबासकी मिळाली, एवढंच वहीत येतं आणि रोजची पाच-दहा मिनिटांची कामं गळून जातात. गुण बहुधा त्या पाच मिनिटांत असतो. दुसरी चूक म्हणजे आठवड्यातच निष्कर्ष काढणं. तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत मागची पानं वाचू नका. वाचलीत की हवं तेच दिसायला लागतं आणि तेच लिहिलं जातं.

३. जुनी कागदपत्रं चाळा

मूल्यमापनाचे अहवाल समोर ठेवा आणि कौतुकाच्या ओळी सोडून तक्रारींच्या ओळी आधी वाचा. अनेकदा तक्रार म्हणजे गुणाची उलटी बाजू असते. 'फार प्रश्न विचारतात' असा शेरा असलेला माणूस कामातली भेग लवकर ओळखणारा असू शकतो. 'निर्णयाला वेळ लावतात' म्हणजे कदाचित चार बाजू दिसतात. माझ्या सहाव्या वर्षाच्या अहवालात वाक्य होतं, 'इतरांच्या कामात वेळ घालवतात.' तो अहवाल तीन वर्षं माझ्या खणात पडून होता. प्रत्येक तक्रार म्हणजे गुण, असा सोयीचा अर्थ मात्र काढू नका. वहीतल्या नोंदीशी जुळली तरच ती धरा.

मग पाठवलेल्या ईमेल उघडा. गेल्या सहा महिन्यांत लोकांनी तुमच्याकडे कशासाठी विचारणा केली, विशेषतः जे तुमचं काम नव्हतं त्यासाठी? याद्या करा, पुनरावृत्ती मोजा. हे काम एका दुपारी होतं.

४. बारा जणांना विचारा, पण नेमका प्रश्न विचारा

जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम यांनी १९५५मध्ये मांडलेली चार चौकटींची एक खिडकी आहे, दोघांच्या नावांवरून तिला 'जोहारी खिडकी' म्हणतात. तिच्या एका चौकटीत आपल्याबद्दलच्या अशा गोष्टी असतात ज्या इतरांना दिसतात आणि आपल्याला दिसत नाहीत. उपजत गुण बरेचदा याच चौकटीत बसलेले असतात, आणि तिथे आपण एकट्याने पोहोचू शकत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी यासाठी एक सराव तयार केला आहे. त्यात दहा ते वीस जणांकडून, आपण उत्तम काम करत होतो तेव्हाचे प्रसंग मागवायचे असतात. 'प्रसंग' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'माझ्यात काय चांगलं आहे?' असं विचारलंत तर 'तुम्ही फार मेहनती आहात, सगळ्यांशी छान वागता' अशी उत्तरं येतील, आणि त्यांचं पुढे काहीही करता येणार नाही. मी पहिल्यांदा तेच विचारलं आणि पाच गोड उत्तरं वाया गेली. नंतर मी पाठवलेला मजकूर असा होता. हवा तर जसाच्या तसा घ्या:

'नमस्कार. माझ्या कामाचा आढावा घेताना मी सोबत काम केलेल्या काही जणांना एक प्रश्न विचारते आहे. माझा तुम्हाला खरोखर उपयोग झाला असा एखादा प्रसंग आठवतो का? त्या वेळी मी नेमकं काय केलं, हे दोन-चार ओळींत कळवलंत तर मोठी मदत होईल. या आठवडाभरात सवडीने कळवलं तरी चालेल.'

यादीत वरिष्ठ, बरोबरीचे, हाताखालचे आणि कामाबाहेरचे असे सगळे हवेत. घरच्यांपैकी एक-दोनच ठेवा. त्यांना तुमच्याबद्दल माया असते आणि तुमचं काम त्यांनी क्वचितच पाहिलेलं असतं. ज्यांच्याशी तुमचं फारसं पटलं नाही अशा एकाला तरी आवर्जून विचारा. मला सर्वांत स्पष्ट उत्तर अशाच एका माजी सहकाऱ्याने दिलं. त्यांनी लिहिलं, 'आपलं जमायचं नाही, पण मी कुठे अडलोय हे मला कळायच्या आधी तुम्हाला कळायचं.'

बारांपैकी नऊ जणांनी उत्तरं पाठवली. सगळी एका कागदावर उतरवली आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारली: ओळखलंत, सोपं करून सांगितलंत, उलटा प्रश्न विचारलात, थांबवलंत. विशेषणांना हात लावला नाही. नऊपैकी सात उत्तरांत 'कुठे अडलंय ते ओळखलं' हे कुठल्या ना कुठल्या शब्दांत होतं. कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. नऊ वर्षं ज्याला मी कामातला व्यत्यय म्हणत होते, त्यासाठीच लोकांनी मला लक्षात ठेवलं होतं.

५. चाचण्या द्या, पण शब्द मिळवण्यापुरत्या

इंटरनेटवरच्या चाचण्यांचा निकाल वाचताना 'अगदी माझंच वर्णन' असं वाटतं. १९४८मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि प्रत्येकाला 'त्याचं' व्यक्तिमत्त्ववर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं. म्हणून निकालातलं प्रत्येक वाक्य वाचताना विचारा: हे शेजारच्या दहा जणांनाही लागू पडेल का? पडत असेल तर खोडा.

सगळ्या चाचण्या सारख्या नसतात. डोनाल्ड क्लिफ्टन यांच्या कामातून तयार झालेली, विकत मिळणारी चाचणी ३४ प्रकारांत तुमचे गुण मांडते. व्हीआयए ही मोफत प्रश्नावली २४ स्वभावगुणांबद्दल आहे, त्यात प्रामाणिकपणा, जिज्ञासा, दयाळूपणा असे गुण येतात. दोन्हींत तुम्ही स्वतःबद्दल जे सांगता त्याचीच मांडणी परत मिळते. याउलट जॉन्सन ओ'कॉनर यांनी १९२२मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत सुरू केलेल्या चाचण्यांत माणसाला प्रत्यक्ष काम करायला देऊन ते किती चटकन आणि अचूक होतं हे मोजलं जायचं. अशी प्रत्यक्ष मोजणारी चाचणी जाणकार समुपदेशकाकडे देता आली तर ती जास्त भरवशाची. मला चाचण्यांतून मिळाले ते काही नेमके शब्द. पुरावा मात्र वहीतच होता.

६. गुण क्रियापदात लिहा

आता वही, कागदपत्रं आणि उत्तरं एकत्र ठेवा. तीनपैकी किमान दोन ठिकाणी जे दिसतं तेवढंच घ्या आणि एका वाक्यात बसवा:

'अमुक परिस्थितीत, अमुक लोकांसाठी किंवा अमुक गोष्टींवर, मी अमुक करते, आणि त्यातून अमुक होतं.'

इथे मी मोठी चूक केली. मी वाक्य लिहिलंच नाही, 'मला शिकवण्याचं अंग आहे' एवढं ठरवून मोकळी झाले. त्या उत्साहात एका सभागृहात साठ जणांसमोर दोन तासांचं व्याख्यान घेतलं. तयारी भरपूर होती. अर्ध्या तासात लोक मोबाइल पाहू लागले, आणि मला समोर कोण कुठे अडलंय हे काही केल्या कळेना, कारण साठ चेहरे एकदम वाचता येत नव्हते. घरी येऊन वही पुन्हा उघडली तेव्हा दिसलं की त्यातली एकही नोंद पाचपेक्षा जास्त माणसांची नव्हती. मग वाक्य झालं: 'एकट्यादुकट्या माणसाला नवी पद्धत शिकताना कुठे गाठ बसली आहे हे मी त्याच्या बोलण्यावरून ओळखते आणि तेवढीच गाठ सोडवते, त्यामुळे तो पुढचं स्वतः करू लागतो.'

'शिक्षक', 'नेता', 'सर्जनशील' ही नामं फार ढोबळ आहेत. वाक्यात परिस्थिती आणि माणसांची संख्या आली नाही, तर ते पुन्हा लिहा. असे दोन किंवा तीन गुण पुरेत. सात निघाले असतील तर अजून गाळायचे बाकी आहेत.

७. लहान प्रयोग करा आणि अपेक्षा आधी लिहून ठेवा

व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९९९च्या एका लेखात सुचवलेली रीत साधी आहे: महत्त्वाचा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा, आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून पाहा. आपलं बळ नेमकं कुठे आहे हे यातून उघड होतं. लहान प्रयोगांसाठी मी मुदत सहा आठवड्यांवर आणली.

प्रयोग असा निवडा की नोकरी पणाला लागणार नाही, कोणाची मोठी परवानगी लागणार नाही, आणि शेवटी काहीतरी मोजता येईल. संघर्ष सोडवण्याची हातोटी दिसत असेल तर दोन विभागांत अडकलेलं एखादं काम मध्यस्थ म्हणून मागून घ्या. क्रम लावण्याचा गुण असेल तर सगळ्यांना त्रास देणारी एक प्रक्रिया कागदावर नव्याने मांडा. लिहिण्याचा असेल तर गोंधळात टाकणारी एक सूचनापत्रिका पुन्हा लिहा आणि ती वाचून नवख्या माणसाला काम जमतं का पाहा. एका वेळी एकच प्रयोग करा. दोन सुरू केलेत तर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

८. नोकरी बदलण्याआधी कामाचा आकार बदला

गुण सापडला की पहिली ऊर्मी राजीनाम्याची येते. थांबा. अ‍ॅमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१मध्ये एक कल्पना मांडली, तिचा गाभा असा की माणसं पद न बदलता आपलं काम स्वतःच घडवू शकतात: कामं बदलून, कामातली नाती बदलून, आणि त्या कामाकडे पाहण्याची नजर बदलून. त्यांच्यापुढे रुग्णालयातल्या सफाई कामगारांचं उदाहरण होतं. एकच काम करणाऱ्यांपैकी काही जण स्वतःला रुग्णाच्या बरं होण्यातला भाग मानत आणि तसं वागतही.

मी वरिष्ठांकडे गेले ते वही घेऊनच. म्हटलं, 'सर, नव्या लोकांना प्रणाली दाखवण्यात माझे आठवड्याचे साधारण चार तास जातात. ते कुठेच धरलेले नाहीत. ते माझ्या कामात अधिकृत धरता येतील का? त्या बदल्यात महिन्याचा एक अहवाल दुसऱ्या कोणाकडे द्यावा लागेल. दोन महिने करून पाहू. दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या नोंदी कमी झाल्या नाहीत, तर मी पूर्वीसारखंच काम करेन.' ते लगेच हो म्हणाले नाहीत. तीन आठवड्यांनी म्हणाले. दोन महिन्यांत परत येणाऱ्या नोंदी ठळकपणे कमी झाल्या आणि त्यानंतर मला काही मागावं लागलं नाही.

मागणी करताना तुमच्या समाधानाची भाषा कमी आणि त्यांच्या अडचणीची भाषा जास्त ठेवा. मुदत आणि मोजमाप तुम्हीच सुचवा.

या पायरीवरचा सापळा फार लोकांना अडकवतो, म्हणून ठासून सांगते. नवं काम घेताना जुनं काहीतरी उतरवून घ्या. नाहीतर गुण तुमचा, श्रम तुमचे, आणि लष्करच्या भाकऱ्या भाजणं आयुष्यभर चालू. ज्याला जे सहज जमतं ते त्याच्याकडून फुकट करून घेण्याची सवय प्रत्येक कार्यालयाला असते. जबाबदाऱ्यांच्या यादीत ते लेखी आलंच पाहिजे. तोंडी 'हो, हो, ते तुमचंच आहे' यावर राहू नका.

९. गुणाला सराव द्या, उणिवेला टेकू द्या

उपजत म्हणजे तयार नव्हे. आणि उलट टोकाला, पुरेसा सराव केला की कोणीही काहीही होऊ शकतं हेही खरं नाही. २०१४मध्ये ब्रूक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी सरावावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात माणसामाणसांच्या कामगिरीतला जो फरक हेतुपूर्वक केलेल्या सरावाने स्पष्ट होतो तो बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१ टक्के आणि मैदानी खेळांत १८ टक्के निघाला. शिक्षणात ४ टक्के आणि व्यवसायात एका टक्क्याहूनही कमी. बाकीच्यात इतर अनेक गोष्टी येतात. मी यातून एवढंच घेतलं की सरावाचे तास जिथे गती आहे तिथे आधी लावायचे.

मला अडलेली गाठ ओळखता यायची, पण ती सोडवताना मी माउस स्वतःच्या हातात घ्यायचे. त्यामुळे समोरचा शिकायचा नाही. सहा महिने मी एकच गोष्ट घोटली: हात मागे बांधून फक्त प्रश्न विचारायचे. उणिवांबाबत माझं मत असं आहे की ज्या उणिवेने काम अडतं ती कामापुरती भरून काढा, बाकीच्या सोडून द्या. मोठ्या सभेत बोलणं मला आजही जमत नाही. तशी वेळ आली की एक सहकारी बोलतात आणि मी प्रश्नोत्तरं सांभाळते.

१०. बाहेर जायचंच असेल तर

आधी त्या कामाचा साधा दिवस कसा असतो ते शोधा. अमेरिकेच्या कामगार विभागाच्या ओ-नेट या मोफत माहितीसाठ्यात ९००हून अधिक व्यवसायांची प्रत्यक्ष कामं मांडलेली आहेत. त्यातली क्रियापदं तुमच्या वाक्याशी लावून पाहा. मग ते काम करणाऱ्या तिघांना भेटा. 'काम कसं आहे?' असं विचारलं की 'छान आहे' असं उत्तर येतं. 'गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?' असं विचारा. मला वाटायचं प्रशिक्षकाचा दिवस शिकवण्यात जातो. तिघांनीही सांगितलं की निम्म्याहून जास्त वेळ साहित्य तयार करण्यात आणि वेळापत्रकं जुळवण्यात जातो. ते ऐकून घेतलं होतं म्हणून पुढे धक्का बसला नाही.

बायोडाटात 'उत्तम संवादकौशल्य, मेहनती, संघभावना' ही ओळ असेल तर ती काढा. माझ्या जुन्या बायोडाटात ती होती. तिच्या जागी लिहिलं: 'विभागात आलेल्या नव्या कर्मचाऱ्यांना दोन वर्षं हिशेबप्रणालीचं वैयक्तिक प्रशिक्षण दिलं, दुरुस्तीसाठी परत येणाऱ्या नोंदी कमी झाल्या.' मुलाखतीसाठी वहीतले तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येक दोन मिनिटांत सांगता येईल असा करा: काय अडलं होतं, तुम्ही काय केलंत, काय झालं. 'तुमचं बळ काय?' या प्रश्नाला विशेषण न सांगता थेट प्रसंग सांगा. मला ज्या मुलाखतीत हे काम मिळालं, तिथे तो परतावा दोनदा धरल्याचा प्रसंग सांगितल्यावर समोरच्यांनी पुढची दहा मिनिटं त्यावरच प्रश्न विचारले.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे. गुणाला साजेसं काम सुरुवातीला कमी पगाराचं असू शकतं. माझं होतं. घरखर्चाचा हिशेब मांडल्याशिवाय उडी घेऊ नका. हिशेब जमत नसेल तर आठव्या पायरीवरच दोन-तीन वर्षं राहण्यात काहीच कमीपणा नाही. तिथे जमा होणारे प्रसंग पुढे कामी येतात.

११. वही पुन्हा उघडा

काम बदललं, वरिष्ठ बदलले, किंवा दोन वर्षं झाली की तीन आठवड्यांची नोंद पुन्हा करा. गुण तोच राहिला तरी तो कुठे वापरला जातोय ते बदलतं. गेल्या खेपेला माझ्या वहीत एक नवीच गोष्ट वारंवार दिसली. प्रशिक्षणाआधी मी नवख्यांसाठी जी पायऱ्यापायऱ्यांची टिपणं लिहिते, ती लिहिताना घड्याळाकडे लक्षच जात नव्हतं, आणि ज्या विभागांशी माझा संबंधही नाही तिथले लोक ती मागून नेत होते. सध्या त्यावर सहा आठवड्यांचा प्रयोग चालू आहे. अपेक्षा पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.